नावाड्याचा दुसरा शेवट

“शिवण बघायची असेल तर कापड उलटं करा.”

आमच्या टेलरमास्तरांचं हे वाक्य दिवसातून चारदा तरी कानावर पडतं. नवा सदरा घालून एखादा आरशासमोर छाती काढून उभा राहिला, की मास्तर त्याला तो काढायला लावतात, उलटा करतात आणि आतले टाके त्याच्या नाकासमोर धरतात. “बाहेरून काय बघतोस? बाहेरून सगळेच नवरदेव.” माणसं असोत, पुढारी असोत, नाहीतर नवी सोयरीक असो, सगळ्याला त्यांचं हेच माप. आणि सिनेमाला तर फक्त हेच.

त्यांचं दुकान थेटरच्या गल्लीत. एकच खोली, मागे पडदा, पडद्याआड आणखी अर्धी खोली. पुढच्या खोलीत कापायचं लांब टेबल. चाळीस वर्षं त्याच्या काठावरून कात्री आणि कोपर फिरून तो काठ नदीतल्या दगडासारखा गुळगुळीत झालेला. पडद्याआड वहिनी. काज, बटणं आणि हातशिलाई त्यांच्याकडे. पडद्याच्या या बाजूला गप्पा आणि त्या बाजूला मशीनचा आवाज, असं ते दुकान चालतं. मशीन थांबलं की समजावं, गप्पांमध्ये काहीतरी ऐकण्यासारखं आलं आहे.

दुकानाचं दार दोन लाकडी फळ्यांचं. ते बाहेर उघडतं, त्यामुळे दिवसभर दाराची आतली बाजू रस्त्याला दिसते. ती आतली बाजू मी काळ्या रंगानं रंगवून दिली, त्याला आता एकवीस वर्षं झाली. मी पाट्या रंगवतो. गावातली निम्मी दुकानं माझ्या अक्षरानं ओळखली जातात. पण त्या काळ्या फळ्यांवर लिहायचा मान माझा नाही, मास्तरांचा. वर्षाच्या शेवटच्या रविवारी दुपारी आम्ही चौघं तिथे जमतो आणि सरत्या वर्षातला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट सिनेमा ज्याचा त्यानं सांगायचा. चांगला डाव्या फळीवर, वाईट उजव्या. मास्तर कापड आखायच्या चपट्या खडूनं लिहितात आणि ते वर्षभर तसंच राहतं. येणारे-जाणारे वाचतात, भांडतात, थेटरचा मालक तर महिनाभर आमच्याशी बोलत नाही.

चौघं म्हणजे मास्तर, समोरचा सलूनवाला, मी आणि बसचा कंडक्टर. सलूनवाला आणि मास्तर लहानपणापासूनचे मित्र, एकमेकांना अरेतुरे करणारे. कंडक्टर आणि मी वयानं मागे, आम्ही मास्तरांना अहोजाहो करतो. सलूनवाल्याला सिनेमात हसायला लागतं. कंडक्टर पहाटेच्या गाडीला जाणारा माणूस, अंधार आणि खुर्ची मिळाली की त्याचा डोळा लागतो. ज्या सिनेमात तो शेवटपर्यंत जागा राहिला तो त्याच्या मते चांगला. वर्षात असे दोन निघाले तरी त्याची पंचाईत होते.

आणि मास्तर. सगळं थेटर ज्या राजाच्या सिनेमाला हुंदके देत होतं, तो त्यांनी उजव्या फळीवर टाकला होता. कारण विचारलं तर म्हणाले, “राजाच्या कोटाची काजं मशीनची आहेत. तीनशे वर्षांपूर्वी मशीन कुणी आणून दिलं त्याला?” एका गरिबाच्या सिनेमाबद्दल म्हणाले, “गरिबाचा सदरा कॉलरला विरतो. यांनी खांद्याला फाडलाय, तोसुद्धा कात्रीनं. ज्याला सदरा कुठं विरतो ते माहीत नाही, त्यानं भूक दाखवू नये.”

आम्ही हसायचो. पण एका वर्षी त्यांनी डाव्या फळीवर जो सिनेमा लिहिला, तो थेटरात तीनच दिवस टिकला होता. त्यात एक आई मुलीच्या फ्रॉकची खालची घडी उसवून तो लांब करते. मुलगी तोच फ्रॉक घालून शाळेत जाते आणि घेरावर जुन्या घडीची फिकट रेघ दिसते. त्या रेघेबद्दल सिनेमात कुणी एक शब्द बोलत नाही. मास्तर म्हणाले, “ती रेघ ज्याला सुचली, त्याला घर कळतं.” एवढं बोलून ते लिहायला वळले. दुसऱ्या दिवशी मी तो सिनेमा शोधत बसनं दोन गावं फिरलो. तोवर सगळीकडून उतरला होता.

या बैठकीला एकच नियम, आणि तो मास्तरांनीच घातलेला: उसनं मत चालणार नाही. आपल्या डोळ्यांनी बघायचं, आपल्या तोंडानं सांगायचं. झालं होतं असं, की एका वर्षी सलूनवाल्यानं खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाचं मत उचलून स्वतःचं म्हणून सांगितलं. ते गिऱ्हाईक म्हणजे कंडक्टरचाच मेहुणा निघाला. मास्तरांनी फळीवरचं नाव पुसलं आणि त्या वर्षी सलूनवाल्याची जागा कोरी ठेवली. वर्षभर तो स्वतःच्या सलूनमधून समोरची ती कोरी जागा बघत होता.

आता गेल्या वर्षाचं सांगतो.

त्या वर्षभरात मास्तरांच्या काही गोष्टी मला दिसत होत्या, पण मी त्या एका दोऱ्यात ओवल्या नाहीत. त्यांची खडूची रेघ केसासारखी बारीक असायची. आमचा धंदा रेघेचा, त्यामुळे मला ती आवडायची. ती रेघ बोटभर जाड झाली होती. पूर्वी ते टेप स्वतः वाचायचे. आता टेप लावून “अगं, उतरव” म्हणायचे आणि वहिनी पुढे येऊन आकडा वाचायच्या. थेटरात आम्ही सगळे मागे बसणारे. मास्तर आणि वहिनी मात्र पहिल्या रांगेत जायला लागले. “पाय लांब करता येतात,” असं त्यांनी सांगितलं आणि आम्ही ते मानलं.

सलूनवाल्याच्या मनात त्यांच्याबद्दल जरा अढी बसली होती. त्याच्या एकुलत्या एका मुलाचं लग्न ठरलेलं. कोटाचं निळं कापड त्यानं मोठ्या हौसेनं आणून दिलं होतं. ते दीड महिना फडताळात तसंच घडी घातलेलं होतं. विचारलं की मास्तर म्हणायचे, “घाई कसली? कोट म्हणजे काय उशीचा अभ्रा आहे?”

तर त्या रविवारी आम्ही जमलो. दाराच्या फळ्या आत ओढून घेतल्या, म्हणजे काळी बाजू आमच्याकडे आली. वहिनींनी चहा दिला आणि त्या पडद्याआड गेल्या. मास्तरांनी खडू उचलला आणि माझ्यापुढे धरला.

“यंदा तू लिही.”

“मी?”

“हाताला मुंग्या येतात. आणि पाट्या रंगवणारा घरात असताना मी का राबू?”

मी खडू घेतला. खरं सांगतो, मला आनंद झाला. एकवीस वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आलं, तेव्हा ते का आलं हे विचारायचं राहून गेलं.

सलूनवाल्यानं सुरुवात केली. दोन जुळ्या भावांच्या गोंधळाचा सिनेमा त्याच्या मते सगळ्यात चांगला. “दोनदा बघितला. दुसऱ्यांदा जास्त हसलो, कारण आता हसायचं कुठं ते ठाऊक होतं.” वाईट कुठला म्हणाल तर नावाड्याचा. एका नदीवर पूल बांधतात आणि तिथला म्हातारा नावाडी बेकार होतो, असा तो सिनेमा. “तीन तास नुसतं पाणी. आणि शेवटी तर डोकंच उठलं.”

कंडक्टर म्हणाला, “नावाड्याच्या सिनेमात मी जागा होतो.”

“म्हणजे चांगला म्हणतोस?”

“तेच कळत नाही. जागा होतो, पण घरी गेल्यावरसुद्धा झोप लागली नाही. हे मी पहिल्यांदाच बघतोय. वाईट लिहा.”

मलाही तो शेवट पटला नव्हता. उजव्या फळीवर मी तीन नावांपुढे नावाड्याचा सिनेमा लिहिला. अक्षर चांगलं आलं.

मग सगळे मास्तरांकडे वळले. त्यांनी मांडीवर हात ठेवले आणि सावकाश बोलायला लागले.

“तुम्ही तिघंही आंधळे आहात. या वर्षीचा सगळ्यात चांगला सिनेमा नावाड्याचाच.”

“का? कपडे चांगले होते?” सलूनवाल्यानं टोमणा मारला.

“कपड्यांचं सोडा.”

इथंच मी मान वर केली. एकवीस वर्षांत मास्तर ‘कपड्यांचं सोडा’ म्हणाले नव्हते.

“शेवट बघा,” ते म्हणाले. “पूल झाला. या काठाला त्याचं काम संपलं. दुसरा कुणी सिनेमावाला असता तर त्याला तिथंच रडवत बसवला असता. हा उठतो, नाव वळवतो आणि लेकीच्या गावाला जातो, जिथं अजून पूल नाही. नातवाच्या हातात वल्हं देतो. म्हणतो, धर, मी आहे मागे. म्हातारा माणूस आणि अजून त्याला पुढचा काठ आहे. असं दाखवायला छाती लागते. मी तर त्या दिवशी घरी येईपर्यंत बोललो नाही.”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग सलूनवाला म्हणाला, “मास्तर, नावाडी मरतो.”

“कुठं मरतो?”

“पुलाखाली. वल्हं पाण्यात सोडून देतो, काठावर बसतो आणि बसल्या बसल्या जातो. सगळं थेटर नाक पुसत होतं.”

“मी जागा होतो,” कंडक्टर हळूच म्हणाला. “मेला तो, मास्तर. लेकीचं गाव सिनेमात कुठं नाहीच.”

“काहीतरीच.”

“काहीतरीच काय? तू थेटरात गेलाच नाहीस!” सलूनवाल्याला आता जोर चढला. कोऱ्या जागेचं वर्ष तो विसरला नव्हता. “कुणाचं मत उचलून आणलंस? सांग की. नियम कुणाचा?”

पडद्याआडचं मशीन थांबलं.

मी मास्तरांकडे बघत होतो. ते सलूनवाल्याकडे तोंड करून बसले होते, पण त्यांची नजर त्याच्या कानाजवळून पलीकडे जात होती. जाड रेघ, टेप, पहिली रांग, माझ्या हातातला खडू, सगळं त्या क्षणी माझ्या पुढ्यात येऊन पडलं.

पडदा सरकला. वहिनी बाहेर आल्या. हातात अर्धवट शिवलेला सदरा होता आणि सुई त्यातच टोचलेली होती.

“भाऊजी, त्यांना बोलू नका. शेवट मी सांगितला.”

“कसला शेवट, वहिनी?”

“नावाड्याचा. मी बदलला.”

मग त्या उभ्या उभ्याच बोलल्या. वर्षभर मास्तरांना पडद्यावर नुसता उजेड हललेला दिसतो. म्हणून त्या कानाशी लागून सांगतात: आता नाव निघाली, आता तिनं पत्र फाडलं, आता तो हसला पण डोळ्यांनी नाही. मागचे लोक ‘श्श’ करायचे म्हणून पहिली रांग धरली, तिथं कुणी बसत नाही.

“सगळा सिनेमा जसा आहे तसा सांगितला. कपडेसुद्धा सांगितले असते, पण मला त्यातलं यांच्याएवढं कळत नाही. शेवटाला मात्र त्यानं वल्हं पाण्यात सोडलं. तेव्हा यांनी माझं मनगट धरलं होतं. ‘आता काय करतो गं तो?’ म्हणाले. मी काय सांगणार होते? हात रिकामे झाले म्हणून बसल्या जागी मेला, असं?” त्यांनी सदऱ्यातली सुई काढली आणि परत तिथंच टोचली. “म्हणून मी नाव वळवली.”

मास्तर बराच वेळ टेबलाच्या काठावरून बोट फिरवत राहिले.

“वाद्यं रडत होती,” ते शेवटी म्हणाले. “मला तेव्हाच वाटलं होतं. म्हटलं, लेक भेटली म्हणून रडत असतील.” आणि माझ्या दिशेला हात करून म्हणाले, “नियम माझाच आहे. माझं मत उसनं. माझी जागा कोरी ठेव.”

सलूनवाला फडताळाकडे बघत होता. “म्हणजे ते कापड—”

“रोज काढतो आणि रोज ठेवतो. तू निळं म्हणतोस, मला काळं दिसतं. तुझ्या एकुलत्या पोराचा कोट. कात्री धरली की हात थांबतो.”

“मग दुसऱ्याकडे टाक म्हणून सांगायचं होतंस.”

“ते सांगितलं की माझं दुकान संपलं.” मास्तरांनी आवाज चढवला नाही. “सदरे हाताच्या सवयीनं निघतात, पुढं ही सांभाळून घेते. कोट सवयीनं निघत नाही. एक कोट बिघडला की उद्या सदरासुद्धा कुणी टाकणार नाही. आणि कात्री सोडून मी करू काय? मला दुसरं येतं काय?”

सलूनवाल्यानं खुर्ची ओढून मास्तरांच्या गुडघ्याला गुडघा लावला.

“माझ्या लग्नाचा कोट कुणी शिवला?”

“मीच.”

“तुझा पहिला कोट. डावी बाही अर्धा इंच लांब.”

“पाव इंच.”

“बघा लेकाचा. डोळे नाहीत आणि पाव इंच दिसतो.” तो आमच्याकडे वळला. “आणि ऐका, ते मत उसनं नाही. उसनं म्हणजे दुसऱ्यानं बघितलेल्या सिनेमाचं. लेकीच्या गावाला जाणारा नावाडी या जगात कुणी बघितलाय? थेटरात तो सिनेमा लागलाच नाही. ह्यानं एकट्यानं बघितलाय. लिही डाव्या फळीवर.”

मी मास्तरांकडे बघितलं. मी लिहिलं.

“आणि वहिनी, तुमचं मत राहिलं,” सलूनवाला म्हणाला.

“माझं? मी कुठं तुमच्यात?”

“वर्षभर दोघांचे सिनेमे तुम्ही एकट्यानं बघितले. बोला. नावाड्याचा कसा?”

“वाईट,” वहिनी लगेच म्हणाल्या. “चांगला असता तर मी बदलला कशाला असता?”

सगळ्यात आधी मास्तर हसले. खांदे हलवत, आवाज न करता, त्यांच्या पद्धतीनं. उजव्या फळीवर मी वहिनींचं मत लिहिलं. एकच सिनेमा दोन्ही फळ्यांवर, असं तिथं पहिल्यांदाच घडलं.

मग कंडक्टर म्हणाला, “मास्तर, हा मोतीबिंदू आहे. मला गेल्या वर्षी झाला होता. मोठ्या गावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बारा मिनिटांत काढला.”

“दुखलं असेल.”

“काय माहीत. मला झोप लागली होती.”

“माझ्या बापाचा डोळा असाच कापला होता,” मास्तर म्हणाले. “पट्टी सोडली तेव्हा उजवा कायमचा गेलेला. तो पुढं कधी सुईला हात लावू शकला नाही. आता निदान उजेड हलतो तेवढा दिसतो. तोही गेला तर?”

वहिनी टेबलाच्या पलीकडे जाऊन मास्तरांच्या समोर उभ्या राहिल्या.

“मी आता शेवट सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “खरा नाही आणि खोटाही नाही. सिनेमा सांगेन, पण शेवट आला की गप्प बसेन. तो तुम्ही बघायचा.”

“अगं—”

“मला नाही जमत. एकदा जमलं. दरवेळी नाव मी वळवायची, याचं मला ओझं होतं.”

मास्तरांनी चहाच्या कपाकडे हात नेला, कप सापडला, तो रिकामा होता, तो त्यांनी परत ठेवला.

“तिकडे जाणारी तुझी गाडी किती वाजता?” त्यांनी कंडक्टरला विचारलं.

“चार वीसला स्टँडवरून. मीच आहे गाडीवर. दवाखाना उद्या सकाळी नऊला उघडतो.”

“हिची धाकटी बहीण तिथंच राहते. रात्री तिच्याकडे उतरू.” मग ते सलूनवाल्याला म्हणाले, “लग्नाला किती दिवस?”

“दोन महिने. आणि ऐक, कापड तिथंच राहील. दुसऱ्या कुणी त्याला हात लावला तर पोराला बनियनवर उभा करीन.”

वहिनींनी आत जाऊन पिशवी भरली. मास्तरांनी टेबलाच्या खणातून मोठी कात्री काढली. ती वडिलांची, काळी, अंगठ्याच्या जागी झिजून चकचकीत झालेली. एका चिंधीत गुंडाळून त्यांनी ती सलूनवाल्याच्या हातात दिली.

“धार लाव. तुला धार कळते. आणि केसाला लावू नकोस.”

“तुझ्या डोक्यावर केस आहेत कुठं लावायला?”

आम्ही फळ्या बाहेर ढकलल्या. दुपारचं ऊन आत आलं आणि दाराची काळी बाजू रस्त्याकडे वळली. मास्तर पायरीवर उभे राहिले. कंडक्टर तिकिटांची पेटी घ्यायला घाईनं पुढे निघून गेला. वहिनींनी मास्तरांचा हात धरला नाही. त्यांना ते चालत नाही. त्या अर्धं पाऊल पुढे राहिल्या.

“आता रस्ता तरी आहे तसा सांग,” मास्तर म्हणाले.

“एक पायरी आहे. मग डावीकडे सायकल उभी आहे. मग मोकळं.”

ते निघाले. थेटरजवळ नवा फलक लागला होता. तो मीच रंगवला होता, आदल्या आठवड्यात. तिथं मास्तर थांबले. वहिनी वर बघून काहीतरी सांगू लागल्या, नायकाकडे बोट दाखवून, मग स्वतःच्या खांद्याला हात लावून. मास्तरांनी मान हलवली. खांद्यात काहीतरी चुकलं असणार. मी ते सायंकाळी जाऊन बघितलं. चुकलंच होतं.

मग मास्तर आमच्याकडे वळले आणि त्यांनी हात वर केला. आमच्या दिशेला नाही, जरा बाजूला, बंद असलेल्या औषधाच्या दुकानाकडे. सलूनवाला आणि मी, आम्ही दोघांनीही हात वर केले आणि ते वळेपर्यंत तसेच धरून ठेवले. सलूनवाल्याच्या दुसऱ्या हातात चिंधीतली कात्री होती, ती त्यानं छातीशी धरली होती. वहिनी काहीतरी बोलल्या. मास्तरांनी पाय जरा उंच उचलून खड्डा ओलांडला आणि ती दोघं स्टँडच्या रस्त्याला लागली.